चाळीस भोकं

गिरणीच्या साहेबांचा कुत्रा विमानानं दिल्लीला लेकीकडं निघाला. त्याची पेटी करायचं काम गिरणीतल्या सुताराला, धोंडीरामला लागलं. साहेबांनी चारदा बजावलं, "भोकं भरपूर पाड रे! सामानाच्या खणात गुदमरून मरेल बिचारा."

धोंडीरामनं चाळीस भोकं पाडली. कुत्र्याच्या नाकाला लागू नये म्हणून एकेकाची कड घासली.

कुत्रा सुखरूप पोचल्याची तार आली. साहेब खूश. "माग, काय हवं ते!"

"सायेब, माजा भाऊ गिरणीतच मागावर इणकाम करतोय. कापसाच्या तुसानं खोकून रगात पडतंय त्याचं. तितल्या खिडक्यांस्नी तुमच्याच हुकमानं मी फळ्या ठोकल्यात. एक तेवडी उघडू का?"



"डोकं फिरलंय का तुझं? वारं लागलं की सूत तुटतं!"