बोलायची मजुरी

“बोल की बाई, थांबलीस कशाला?” दोरीचं टोक बाजेला आवळत बसवंतानं विचारलं.

भामाबाई थांबली नव्हती, तिचं बोलणंच संपलं होतं. देवणीतल्या त्या छपराखाली बाजेवर चित्त्याची मादी करकचून बांधलेली, डोळ्यांवर कातड्याची पट्टी. रानातून धरलेला चित्ता माणसाळवायचा, तर बायामाणसांचं बोलणं त्याच्या कानांवर दिवसभर पडत राहिलं पाहिजे, ही चित्ते धरणाऱ्या बसवंताच्या घराण्याची रीत. नवा जिल्हा झाला होता. त्याचा कारभार पाहायला आलेल्या तालुकदारसाहेबांना काळविटावर पाळीव चित्ता सोडून शिकार करायची हौस होती, आणि ऐन दुष्काळात नुसतं बसून बोलण्याबद्दल शेरभर ज्वारी मिळत होती. भामाबाईनं नशीब काढलं, असं गावातल्या बायका म्हणत.

घरात तिला कधी कुणी बोलू दिलं नव्हतं. सासू बोलायची, नवरा बोलायचा, हिनं ऐकायचं. इथं मात्र तिनं मन मोकळं केलं. आटलेली विहीर, विकलेली गाय, उपाशी पोटी कुरकुरणारी दोन लेकरं, सगळं तिनं त्या जनावराला सांगून टाकलं. जनावरही दोन दिवसांतच निवलं होतं. तिचा आवाज आला की शेपटीची आपटाआपट थांबायची. भामाबाईला त्याचं फार अप्रूप वाटे.

आज मादीचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. मान उचलून बारीक आवाज काढायची, थांबायची, कान टवकारायची, पुन्हा काढायची. एवढ्या मोठ्या जनावराला हा पाखराचा आवाज कुठून आला, म्हणून भामाबाई जवळ सरकली. बाजेच्या सुंभाला ओल आली होती. तिनं बोट लावून पाहिलं. दूध होतं.

“मामा, ही लेकुरवाळी हाय.”

“हाव. पिल्लांना हाका मारायलीय.” बसवंताला ते आधीच ठाऊक होतं.

“मग ती बी आणा की. मरतील माळावर.”

“पिल्लं आणून काय करू? पळणं त्यांच्या रक्तातच असतंय, वाऱ्यावानी पळतील. पण पळत्या काळविटाला पाडायचं कसं, ते मायच शिकवती. माणसाला न्हाई शिकवता येत. म्हणून तर आम्ही मोठालेच धरतो.”

“मग हिला सोडा. दुसरा धरा.”

“दुसरा?” बसवंत हसला, पण त्या हसण्यात दम नव्हता. “माझ्या बापाच्या वक्ताला फासे लावले की रातीत घावायचे. औंदा सगळा माळ पालथा घातला, तव्हा ही एकच.”

“मग पुढच्या साली कुठून आणताव?”

“पुढचं पुढं बघू. तू बोल. तुला जमत नसंल तर पार्वतीबाई सकाळधरून बाहेर बसलीय.”

भामाबाईनं वळून पाहिलं. पार्वतीबाई खरंच उन्हात बसली होती, ज्वारीसाठी आणलेलं फडकं मांडीवर घेऊन. भामाबाईला बसवंताचा राग आला, पार्वतीबाईचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो स्वतःच्या घरातल्या विझलेल्या चुलीचा.

मादीनं पुन्हा हाक मारली. तिचे कान माळाकडे लागले होते.

भामाबाई बाजेला टेकून बसली. पदरानं तोंड पुसलं आणि मादीच्या कानाशी वाकली.

“निजली असतील गं,” ती म्हणाली. “पोटभर खाऊन निजली असतील तुझी लेकरं. गार सावलीत हायेत. तू घोर नको करू.”

मादी ऐकत राहिली. मग तिनं मान बाजेवर टेकली आणि हाका मारायची थांबली.