देवापुढचं बोलणं

दारात ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेब उभे होते, वाईहून सायकल हाणत आलेले, घामाघूम. त्यांच्या पाठीमागे मंडळीतला पंच आकाराम. एस्तेरनं सलाम केला तो एकट्या पाळकसाहेबांना.

“या. रेशनची साखर संपलीय. चहा होणार नाही.”

दोघं बाजेवर बसले. तीन आठवड्यांपूर्वी याच बाजेवर तिची आई राहीबाई गेली होती. आकारामनं पागोटं काढून मांडीवर घेतलं. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र उघडलं आणि न वाचताच मिटलं.

“येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, एस्तेर. मनात वैर ठेवून भाकर घेता येत नाही. मिशनच्या शाळेत तूच पोरांना हे शिकवतेस. आकारामरावांच्या हातात हात दे, क्षमा केली म्हण. नाहीतर मला तुला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवावं लागेल.”

एस्तेरला ती भाकर हवी होती. आई गेल्यापासून दुसरं काहीच तिला हवंसं वाटलं नव्हतं.

“वेदीपाशी दान घेऊन आल्यावर आठवलं की भावाचं मन आपण दुखावलंय, तर दान तिथंच ठेवून आधी भावाकडं जावं,” ती म्हणाली. “असंच आहे ना, साहेब? मग आठवायचं कुणी? वचन बरोबर आणलंत. लावलंत चुकीच्या माणसाला.”

“ते आलेत की तुझ्या दारी.”

“तुम्ही आणलंत म्हणून आलेत.”

आकाराम खाकरला. “पोरी, तुझ्या आईचं वंगाळ व्हावं आसं माझ्या मनात न्हवतं. आजारपणात तिनं मन मोकळं केलं. तिच्या जिवासाठी म्या परार्थना केली. दुसरं काय केलं?”

“बुधवारच्या सभेत केलीत. चाळीस माणसांत. नाव घेऊन.”

“म्या देवाफुडं बोललो. मान्सांफुडं न्हाई.”

त्या सभेत एस्तेर पेटी वाजवायला बसली होती. आईनं सव्वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट चाळीस जणांबरोबर तिलाही तेव्हाच कळली. आकारामनं ती डोळे मिटून, चांगलं गहिवरून सांगितली होती. दुसऱ्या दिवशी समाचाराला आलेली शेजारीण बाजेवर टेकत म्हणाली, “काय राहीबाय, औंदा मांढरला कवा निघायचं?” आणि फिदीफिदी हसली. राहीबाईनं भिंतीकडं तोंड केलं. मग ती शेवटपर्यंत या कुशीवर वळली नाही.

“वाद नको,” पाळकसाहेब म्हणाले. “प्रार्थना करू. आकारामराव, तुम्हीच करा. दोघांची मनं हलकी होतील.”

एस्तेरनं मान खाली घातली. हात द्यायचा, असं तिनं ठरवून टाकलं. भाकरीसाठी.

आकारामनं डोळे मिटले. त्याचा आवाज सभेत चढायचा तसाच चढला. बाहेर आडावर करकरणारा रहाट थांबला.

“हे बापा, तुझी लेक एस्तेर आज कडू झाली हाय. तिच्या मनातलं इख काढ. तिच्या आईला बी माफ कर, बापा. त्या राहीला. पोराला देवी आल्या तवा तुझ्या पायाशी यायचं सोडून ती अनवाणी मांढरचा डोंगर चढली, काळूबाईची वटी भरली, नवस बोलली—”

“थांबा.”

प्रार्थनेत असं कुणी मध्ये बोलत नसे. पाळकसाहेबांनी दचकून डोळे उघडले. आकारामनं उघडले नाहीत. एस्तेर उठून उभी राहिली होती. खिडकीतलं ऊन तिच्या गालांवर, देवीच्या जुन्या व्रणांवर पडलं होतं.

“ते पोर मी. आणि देवाला हे त्या दिवसापासून ठाऊक आहे, पंच. मग तुम्ही सांगताय कुणाला?”

आडावर एक बाई दुसरीला “शू” म्हणाली, ते आत स्पष्ट ऐकू आलं.

एस्तेरनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

आकाराम तसाच बसून होता, डोळे मिटून, पुढच्या शब्दासाठी ओठ हलवत. पाळकसाहेबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आकारामराव,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “आमेन म्हणा.”