जास्तीचे वेढे

गुरुदत्तने गिटारची वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि हशमतशेठनी चहाचा कप खाली ठेवला. उल्हासनगरातल्या त्या हॉलमध्ये आज ऑर्केस्ट्राची तालीम कमी आणि गुरुदत्तची परीक्षाच जास्त होती. ऑर्केस्ट्रा शेठचा. त्यांनी मागच्या आठवड्यात तोंडावर सांगितलं होतं, "तेरा गिटार सुनाईच नाही देता. कीबोर्डमध्ये गिटारचं बटन आहे ना, मग तुला कशाला ठेवू?"

गुरुदत्तची बायको सुनंदा भिंतीला टेकून उभी होती. नवऱ्याचं वाजवणं ऐकायला ती बदलापूरहून आली नव्हती; ते तर रोज कानावर असायचंच. ती स्वतःचं काम ऐकायला आली होती.

कारण गिटारचं दुखणं तिनेच शोधलं होतं. त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर दुसऱ्या एकाची गिटार दणदणीत वाजली आणि याची नुसती कुजबुजली, तेव्हा हे महाशय अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या देत बसले. सुनंदाने गिटारच्या तारांखालची, आवाज पकडणारी पिकअपची डबी खोलून बघितली. आत चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. तिला हसूच आलं. बदलापुरात कात्रपच्या घरात बसून ती वर्षानुवर्षं ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंगं करून देत होती.

"अहो, अर्धं रीळ रिकामंच आहे. वेढे वाढवले की आवाज वाढेल."

जुनं वाइंडिंग उलगडत बसायचं नाही, ही तिच्या कामाची रीत. तिने जुनी तार ब्लेडने कापली, तिचे तुकडे भंगारवाल्याच्या गोणीत टाकले आणि काल रात्री रीळ नव्या तारेने काठोकाठ भरलं. पाहुण्याला वाढावं तसं, सढळ हाताने.

आता हॉलमध्ये गुरुदत्तने वाजवायला सुरुवात केली. पहिल्याच सुराला ढोलकीवाला दचकला. कीबोर्ड कुठल्या कुठे बुडाला.

"अब आया ना!" हशमतशेठ उठून उभेच राहिले. "वहिनी, कमाल केली तुम्ही. गुरु, तू पक्का. सगळ्या सीझनला पक्का!"

सुनंदाला आनंद झाला. मग गुरुदत्तने खालच्या बारीक तारेवरची ती जागा घेतली, जी तो रोज सकाळी गॅलरीत छोट्या स्पीकरवर वाजवायचा. स्टीलच्या वाटीला चमचा लागावा तसा त्यात एक लखलखीत नाद असे. आज सूर मोठा आला, पण गोधडीखालून आल्यासारखा. नाद गेला होता. गुरुदत्तने गिटारवरचं टोनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तीच जागा पुन्हा घेतली, पुन्हा बटण फिरवलं. मग त्याने ती जागा सोडून दिली आणि गाणं नीट पूर्ण केलं. तिच्या जास्तीच्या वेढ्यांनीच तो नाद गिळला होता, हे सुनंदाला कळलं.

तालीम संपल्यावर ती गिटारच्या पिशवीशी जाऊन उभी राहिली.

"मागच्या भिंतीपर्यंत येत होतं ना?" त्याने विचारलं.

"दारापर्यंत."

"बरं झालं. काम राहिलं." पिशवीची चेन लावता लावता तो खाली बघूनच म्हणाला, "जुनी तार ठेवलीयस ना गं?"

"ठेवलीय की," सुनंदा म्हणाली आणि गिटार तिनेच खांद्याला लावली.