एक झाकण औषध

"काय पाजलं याला?" डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

सारजाबाई दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभी होती. तिची पाचावर धारण बसली होती. टेबलावर सात महिन्यांचं पोर, संघर्ष, निपचित पडलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या, कानाची पाळी चिमटली. पोर हूं की चूं करेना.

"सर्दीचं औषध, डाक्टर. एक झाकण. दुपारी पाजलं," सारजाबाई म्हणाली. "नाक गळत व्हतं त्याचं."

"नाक गळत व्हतं का तुला झोपायचं व्हतं?" संघर्षचा बाप पोपट तिच्या अंगावर धावला. "रोजचं धा रुपय मोजतो आमी तुला! कशाचं? पोराला असं पाडून ठिवायचं?"

बेल्ह्याच्या शिवारात कांद्याची लागण सुरू झाली, की बाया सकाळी सातला टेम्पोत चढत आणि तान्ही पोरं सारजाबाईच्या ओसरीवर सोडून जात. यंदा सात पोरं होती. अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्यांना, आणि तीही दुपारी बंद. सासवा म्हणाल, तर त्याही त्याच टेम्पोत. बाईची मजुरी दिवसाला चाळीस रुपये, त्यातले दहा सारजाबाईला. परवडत कुणालाच नव्हतं. पण अडल्या हरीला भाव करायची सोय नसते.

पोराची आई, भागू, टेबलाच्या पायथ्याशी उभी होती. तिला वावरातून मोटारसायकलवर बसवून थेट आळेफाट्याच्या या दवाखान्यात आणलं होतं. हाताचा चिखल तसाच होता. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. धक्क्यानं वाचा बसली असेल, असं सगळ्यांना वाटलं.

"एका झाकणानं एवढी गुंगी येत नाही," डॉक्टर सारजाबाईला म्हणाले. "आणखी काय दिलंस? अफू? धोतरा?"

"न्हाई, डाक्टर! नातवाच्या गळ्याची आन!"

पोपटनं तिच्या थोबाडीत मारली. साठीची बाई, कोलमडून खाली बसली. कंपाउंडरनं अडवायला हवं होतं, त्यानं अडवलं नाही. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिथं कुणालाच तिची दया आली नाही.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून गळ्यात टाकला. "पोटात काय गेलंय तेच कळत नसेल, तर मी इथं काय करू? पुण्याला हलवा. अडीच-तीन तास लागतील." मग आवाज खाली आणून ते पोपटला म्हणाले, "श्वास मंद होतोय. वाटेत काही झालं, तर जीपमध्ये तुमच्या हातात काही नसेल."

पोपट जीप बघायला पळाला. "परत आलो की हिला पोलिसांत देतो," एवढं मात्र दारातून ओरडला.

सारजाबाईनं गालावरचा हात काढला. "भागू, तू तरी सांग गं. म्या कवा तुझ्या पोराला उपाशी ठिवलं? कवा मारलं? एक झाकण म्हंजी एकच झाकण!"

भागूनं तिच्याकडं बघितलं नाही. ती पोराच्या पोटाकडं बघत होती. पोट वर यायचं, खाली जायचं. मग थांबायचं. पुन्हा वर यायला आता फार वेळ लागत होता.

बाहेर जीपचा आवाज आला. पोपट धापा टाकत आत शिरला आणि त्यानं पोराच्या पाठीखाली हात घातले. भागूनं त्याचं मनगट धरलं.

"नका नेऊ."

"सोड, भागू! येळ न्हाई!"

"डाक्टर," भागू म्हणाली. "सकाळी म्या बी पाजलं. टेम्पोत चढायच्या आदी."

"काय पाजलं?"

"त्येच. सर्दीचं. झाकण भरून. दुसरं कायबी न्हाई त्याच्या पोटात."

डॉक्टरांनी पोपटचे हात बाजूला सारले. "जीप परत पाठवा. आता काय करायचं ते कळलं." कंपाउंडर ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आला. सलाईन लागलं. पाऊण तास गेला. पोपट दारात उकिडवा बसून होता. सारजाबाई जमिनीवरच होती. तिला उठवायचंही कुणाला सुचलं नाही.

मग संघर्षनं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. खणखणीत, सगळा दवाखाना डोक्यावर घेणारं.

पोपटच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते तसंच वाहू देत तो बायकोजवळ आला. "काय गरज व्हती गं तुला? कशापायी पाजलंस?"

भागूनं रडत्या पोराला छातीशी घट्ट धरलं.

"निजल्याल्या पोराचं धा रुपय हायती," ती म्हणाली. "रडनाऱ्याचं वीस घेती सारजामावशी."