तीनशे बारा बदल

"तीनशे बारा बदल, आणि सगळे जालिंदर यांचेच," पडद्यावरून नजर न काढता नीलिमा म्हणाली. "बाकीचे चौघे इथे काय करतात?"

ती पुण्याहून आली होती. सांगलीतल्या या लहानशा कंपनीत कुणीही कुणाचाही प्रोग्राम उघडून दुरुस्त करावा, अशी पद्धत होती. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद सर्व्हर ठेवायचा. ही व्यवस्था कितपत भरवशाची, हे तिला तपासायचं होतं. कडेगावजवळच्या साखर कारखान्यात बॉयलरची नळी फुटून कोंडीबा नावाचा कामगार गेला, त्याला नऊ दिवस झाले होते. धोक्याची घंटा वाजलीच नव्हती. घंटेचा प्रोग्राम इथलाच.

जालिंदर कसनुसा हसला. "आवं मॅडम, सकाळी पयला मी येतो. पाची कॉम्प्युटर माझ्याच नावानं चालू करतो. मग ज्याला जे सुचंल ते त्यो करतो. हितं माझं-तुझं न्हाई."

"बारा जानेवारी सत्त्याण्णव, दुपारी सव्वातीन," नीलिमाने वाचलं. "घंटा वाजायची दाबाची मर्यादा बत्तीसवरून छत्तीस. हे कुणी केलं?"

त्या चौघांतल्या रोहनने नजर कीबोर्डवर वळवली. त्या दुपारी कारखान्यातून तिसऱ्यांदा फोन आला होता. घंटा सारखी बोंबलते, काम होत नाही, काहीतरी करा. रिसीव्हर खांद्याशी दाबून त्याने एक आकडा बदलला आणि तो चहाला गेला. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी कारखान्यात पोचली.

जालिंदरने वळून सगळ्यांकडे पाहिलं. "कुणी रं?"

रोहन टेबलावरच्या फ्लॉप्या नीट लावू लागला.

मालक दादासो दारातूनच म्हणाले, "जालिंदर, पोलीस भाईर बसल्यात. त्यास्नी कागदावरचं नाव पायजे."

"मला तर आठवत न्हाई," जालिंदरने कपाळ चोळलं. "पण नाव माझं हाय. मीच केलं आसंल."

जाताना तो रोहनच्या खुर्चीपाशी थांबला. "गड्या, घरी तेवढं सांग. यायला उशीर हुईल म्हनावं."

रोहनने मान हलवली.

नीलिमाने अहवालात लिहिलं : व्यवस्था चांगली, वापर चुकीचा. मग तिने सर्व्हरवर प्रत्येकाला स्वतंत्र नाव द्यायला घेतलं.

रोहनची पाळी आली. त्याने आपलं नाव टाइप केलं, पासवर्ड दोनदा घातला. पडदा क्षणभर काळा झाला. मग ओळ उमटली :

रोहन. केलेले बदल : शून्य.