गुरुवारची अर्धी रजा

मी आणि माझा नवरा एकाच शाळेत शिकवतो. शाळेत मी त्याला 'सर' म्हणते. घरी काही म्हणायला सवडच मिळत नाही. घरी आमच्या दोघांच्या मध्ये वह्यांचे गठ्ठे असतात, आणि गठ्ठे संपेपर्यंत दोघांपैकी एकाचा डोळा लागलेला असतो.

आख्ख्या आठवड्यात फक्त गुरुवारी त्याचे शेवटचे तीन तास मोकळे असतात, म्हणून त्या दिवशी तो लवकर घरी येतो. माझे नेमके तेच तीन तास भरलेले. सहा महिने नुसता विचार करून शेवटी मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि या गुरुवारची अर्धी रजा मागितली.

"कारण?"

"घरगुती आहे." नवऱ्याशी गप्पा मारायच्यात, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"घ्या हो बाई, हक्काची रजा आहे. तुमच्या वर्गांचं मी बघतो." सही इतकी झटकन झाली की माझा विश्वासच बसेना.

नवऱ्याला मी मुद्दाम काही सांगितलं नाही. गुरुवारी घरी आल्या आल्या वह्या कपाटात कोंबल्या, टेबल पुसलं, दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या आणि दोघांपुरता चहा टाकला. चहाला उकळी आली तेवढ्यात त्याचा मेसेज आला.



"अगं, आहेस कुठे तू? तुझे तिन्ही तास मला दिलेत. मोकळा मीच एकटा होतो म्हणे."