भिंत सरकेना

नवऱ्याच्या तेराव्याला आठवडा उलटला तरी मधली भिंत जागची हलली नाही, म्हणून तांडेलकाकू चक्रावल्या. घरातलं माणूस कमी झालं की भिंत आपोआप चार फूट आत सरकते आणि ती जागा शेजाऱ्यांना मिळते, हा सोसायटीचा नियम. म्हणून तर शहरात अशी घरं परवडायची. काकूंनी कपाटही हलवून ठेवलं होतं. पलीकडे रोशनीच्या बाळाचा पाळणा टांगायला जागा नव्हती.

"इमारत चुकली का हो?" त्यांनी सेक्रेटरी गुरवांना विचारलं.

गुरवांनी फोनमध्ये पाहिलं. "शेगडीवर कितीजणांचं शिजतं त्यावरून ती माणसं मोजते, काकू. तुमच्याकडे अजून दोघं दाखवतेय."

"अहो, मी एकटीच आहे!"

घरी येऊन पुटपुटतच त्यांनी चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं. मग त्या पातेल्याकडे बघतच राहिल्या. ह्यांचा कप त्या रोज भरत होत्या आणि निवला की मोरीत ओतत होत्या.

त्यांनी एक कप पाणी काढून घेतलं. भिंत करकरली आणि ह्यांच्या खुर्चीला ढकलत आत यायला लागली. काकूंनी घाबरून कप पातेल्यात परत रिकामा केला.

भिंत थांबली. पलीकडे बाळ रडायला लागलं.